उशाकडं कोण, पायथ्याकडं कोण

कल्याणनं बर्फातल्या फौजी चौकीवरून फोनवर एवढंच म्हटलं होतं, "बाकी सगळं बराबर हाय माय, फक्त झोप येत न्हाई." झालं! दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर 'येईल हळूहळू' म्हणून सोडून दिलं असतं. पण ऐकणारी सगुणाबाई होती, आणि सगुणाबाईनं एखादी गोष्ट सोडून दिल्याचं बोरखेडीत आजवर कुणी पाहिलेलं नाही. फोन कधीच कटला होता, तरी बाई तो कानाला लावून अंगणात उभीच.

"पोराला झोप येत न्हाई म्हणं," ती नवऱ्याला म्हणाली.

काकासाहेब ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "उंचावर हवा विरळ असती. नव्या माणसाला न्हाई लागत झोप. लागंल."

"हवेचा आन् झोपेचा काय संबंध? हितं भर उन्हात बांधावर आडवं झालं की घोरायचं पोरगं. पांघराया काय देतेत त्याला तिकडं?"

"स्लीपिंग बॅग असती. पिशवीच म्हण. आत शिरायचं आन् गळ्यापर्यंत चेन ओढून घ्यायची."

हे काकासाहेबांनी सांगायला नको होतं. सगुणाबाईचे डोळे एवढाले झाले. "पोत्यात घालतेत? माझ्या पोराला पोत्यात घालून वरून तोंड बांधतेत?"

"अगं, लय भारी असती ती. बर्फात बिलकुल थंडी वाजत न्हाई."

"तुम्ही झोपा एक दिवस युरियाच्या पोत्यात, मंग सांगा मला भारी का हलकी!" असं म्हणून ती घरात गेली आणि तिनं लोखंडी पेटी उघडली. कल्याणला गोधडी पाठवायची, हे त्या क्षणाला ठरलं. सरकारनं काय द्यायचं ते द्यावं, आईनं काय द्यायचं हे सरकारला विचारून ठरत नसतं.

गोधडी न्यायला माणूसही आयता मिळाला. मंठ्याचा हाशिम पठाण. कल्याणच्या बरोबरीनं भरती झालेला, बहिणीच्या लग्नाला सुटीवर आलेला, आणि परत त्याच भागात जाणार होता. त्याची सुटी संपायच्या आत गोधडी उरकायची होती.

आता गोधडी म्हटली की कापड लागतं जुनं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, माणसाच्या अंगाला सरावलेलं. कोरं कापड गोधडीत चालत नाही. ते टोचतं, आणि त्याला माणसाचा वासही नसतो. पेटीतून सगुणाबाईनं पहिलं काढलं ते स्वतःचं लग्नातलं हिरवं इरकल. त्याचा रंग आता हिरवा म्हणवत नव्हता, पण याच लुगड्याच्या पदराखाली कल्याण अंगावर प्यायला होता. तिनं ते उशाकडं लावलं. झोपल्यावर गाल टेकतो, बरोब्बर तिथं. जागा नक्की केल्यावर तिला बरं वाटलं.

शेजारची गिरिजाबाई तेवढ्यात विरजण मागायला आली आणि तिथंच गोधडीवरचा तिचा ताबा सुटला.

"कल्याणसाठी व्हय? मंग आमच्या मालकाचा रुमाल घे ना बाई यात," गिरिजाबाई म्हणाली. "त्यांनीच विहिरीत ढकलून पोहाया शिकवलं व्हतं त्याला." मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. रुमाल जपून ठेवलेला. नाही कसं म्हणायचं? सगुणाबाईनं घेतला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की कल्याणसाठी गोधडी शिवून राह्यलेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बायकांची रांग. कुणाचं धोतर, कुणाचा परकर, कुणाच्या पोराचं झबलं. बालवाडीच्या कौसल्या मॅडमनं तर शाळेतला खडूच्या धुळीनं माखलेला पडदाच फाडून आणला. फौजेत गावातून गेलेला तो पहिलाच पोरगा. त्याच्या अंगावर आपलं काहीतरी असावं असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि यात हसण्यासारखं काही नव्हतं.

हसण्यासारखं पुढं सुरू झालं.

चार बायका चार बाजूंनी बसून टाके घालत होत्या. गिरिजाबाईनं सहज वाकून पाहिलं आणि तिचा पारा चढला. "सगुणे! जन्मभर डोक्याला बांधलेला रुमाल, आन् तू पायथ्याकडं लावलास?"

"अगं, जागा व्हती म्हणून..."

"जागा! त्यांच्या रुमालावर पाय ठिवून झोपायचं व्हय पोरानं?"

टाके उसवले, रुमाल वर सरकला. रुमाल वर आला म्हणून धोतर खाली गेलं, तर धोतरवाली फुरंगटून उठून गेली. तिची समजूत घालेपर्यंत परकरवालीनं तोंड फिरवलं. सगळ्यांना उशाकडं जागा पाहिजे. अहो, उशाकडं एका माणसाचं डोकं असतं, पंगत नसती! शेवटी घराला घर लावून राहणारी, शिलाई मशीनवर गावाचे झंपर शिवणारी फरजाना पुढं आली. कल्याण कडुलिंबावरून पडला होता तेव्हा जी ओढणी फाडून तिनं त्याचा गुडघा बांधला होता, तिचा उरलेला तुकडा तिच्या हातात होता.

"भाभी, मेरा पैरों कडं लावा," ती म्हणाली. "मला चालतंय."

वाद मिटलाच होता, पण काकासाहेबांना गप्प बसवलं नाही. ओट्यावरूनच म्हणाले, "बराबर हाय फरजानाचं. बर्फात पहिला धोका पायाच्या बोटांना असतो. खरी गरज पायाकडंच."

अंगणातल्या सगळ्या माना पायथ्याकडं वळल्या. मग गिरिजाबाई घसा खाकरून म्हणाली, "सगुणे, मंग रुमाल पहिला व्हता तिथंच बरा व्हता."

पुन्हा सगळं उसवायची पाळी आली. आता धोतर खाली, परकर खाली, पडदा खाली! सगुणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि नवऱ्याकडं असं पाहिलं की काकासाहेब शेंगांची टोपली घेऊन घराच्या मागं गेले.

सगळ्यात शेवटी सरपंच तातेराव आले. निवडणूक जवळ आली होती. त्यांनी स्वतःचा पांढरा सदरा आणला होता, तोही इस्त्री करून. "मधोमध लावा, वहिनी. छातीवर. आन् खिसा काढू नका बरं का, पोराला मोबाईल ठिवाया व्हईल." खिसा राहिला. खिसा असलेली ती अख्ख्या जालना जिल्ह्यातली पहिलीच गोधडी असावी.

या सगळ्या गडबडीत सगुणाबाईच्या मनात एक काटा रुतून बसला होता, आणि तो होता तिच्या सुनेचा. आकांक्षा जालन्याची, मस्तगडातली, कॉलेज शिकलेली. कल्याणच्या मागच्या सुटीत लग्न झालं, हळद निघते न निघते तोच नवरा वर चौकीवर गेला. पोरगी कामाला वाईट नव्हती. टाके घालणाऱ्या बायकांना दिवसभर चहा करून घालायची, हसून बोलायची. पण अख्ख्या गावानं चिंधी चिंधी आणून दिली आणि हिनं नवऱ्याच्या गोधडीत सुतळीएवढंही काही घातलं नाही. गिरिजाबाईनं ते बरोबर हेरलं. "सूनबाईचा तुकडा न्हाई दिसला कुठं?"

"शहरातली हाय बाई. तिला काय गोधडीचं," सगुणाबाई म्हणाली खरी, पण तिला ते फार लागलं.

त्यात पोरीनं आणखी एक खूळ काढलं होतं. रोज एकच साडी. गुलाबी सुती, बारीक फुलांची. सकाळी तीच, दुपारी तीच. संध्याकाळी धुवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नेसून हजर. आणि धुणं तरी कसं? मागच्या दगडावर धोपटण्यानं असं बडवायची की कोंबड्या लांब पळायच्या. पेटीत साड्यांची थप्पी पडलेली, आणि सून एका साडीवर! लोक काय म्हणतील? सासू पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून बसलीय, हेच म्हणतील की.

हाशिम जायच्या आदल्या दिवशी दुपारी गोधडी न्यायला आला. गोधडी ओट्यावर घडी घालून ठेवली होती. घडी म्हणजे काय, ढीगच तो. काकासाहेब आणि फरजानाचा नवरा इस्माईल, दोघांनी मिळून बाहेर आणला होता.

हाशिमनं एकदा गोधडीकडं पाहिलं, एकदा सगुणाबाईकडं. "काकू, ही कल्याणला पांघराया हाय का ट्रकवर झाकाया?"

"थट्टा नको करू. उचल."

"काकू," हाशिम खाली बसला, "वरच्या चौकीवर सामान हेलिकॉप्टरनं जातं. वजन करून घेतेत. आमच्या अम्मीनं चटणीची बरणी दिली, ती पण अर्धी करून घेतली मी."

"मंग पोस्टानं पाठव."

"पोस्टाचं खाली पडून राहील. रस्ता उघडंल तव्हा उन्हाळा लागला आसंल."

सगुणाबाईचा चेहरा उतरला. "किती बसंल मंग?"

हाशिमनं दोन तळहात समोर धरले. उशीच्या अभ्र्याएवढी जागा. "एवढं. पातळ आसंल तर जॅकेटच्या आत खुपसून नेतो. खुदा कसम, कल्याणच्या हातात देतो. उद्या सकाळी येतो मी."

तो गेला. एवढ्या सगळ्या गावातनं एकाचाच तुकडा जाणार होता. सगुणाबाई गोधडीपाशी बसली आणि तिनं कात्री घेतली. कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. पोराला जन्म दिला तिनं, रात्री जागवल्या तिनं. आईचा हक्क पहिला. तिनं उशाकडचे टाके उसवून स्वतःचं इरकल मोकळं केलं आणि मांडीवर घेतलं. पण मागून धोपटण्याचा आवाज येत होता. धप, धप, धप. आधीच मन थाऱ्यावर नव्हतं, त्यात हे. तिचा राग अनावर झाला आणि ती तशीच कात्री हातात घेऊन मागच्या दारी गेली.

"काय घोडं मारलंय ग त्या साडीनं तुझं? फाडून टाकतीस का आता?"

आकांक्षा दचकली. कपाळावरचा घाम मनगटानं पुसत तिनं ओली साडी दोन्ही हातांनी वर धरली. "आई, बघा ना. अजून पण जुनी झाली नाही का?"

"काय?"

"तुम्हीच म्हणालात, कोरं कापड गोधडीत चालत नाही. माझ्याकडं इथं जुनं काहीच नाही, सगळं लग्नातलं. माहेरून आणलं असतं, पण ते कपडे त्यांनी बघितलेलेच नाहीत." तिचा आवाज बारीक झाला. "ही बघितलीय. लग्नानंतर जांब समर्थला दर्शनाला गेलो तेव्हा हीच नेसले होते. म्हणून रोज नेसून जुनी करतेय. पण रंगच जात नाही मेलीचा!"

ही पोरगी एवढे दिवस उन्हात साडी बडवत होती, आणि आपण मनात काय काय म्हटलं हिला! तिला स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले. आणि डोळे भरून आले की सगुणाबाईला राग येतो, हा तिचा स्वभावच.

"येडी का खुळी तू? तोंड न्हाई का तुला? सांगता येत न्हाई?"

"कसं सांगू? सगळ्या बायका बसलेल्या."

"आण इकडं ती!"

साडी हातात घेऊन तिनं चोळून पाहिली. मऊ पडली होती. बऱ्यापैकी पडली होती. पदराजवळ तर धोपटून धोपटून विरलीच होती. "झाली," सगुणाबाई म्हणाली. "जुनी झाली. वाळत घाल."

ऊन उतरायच्या आत साडी वाळली आणि सगुणाबाईनं तिचे अभ्र्याएवढे तुकडे कापले. वरच्या बाजूला सुनेची साडी, खालच्या बाजूला आपलं इरकल, असं तिनं धरलं होतं. दोघींचंही जाईल. तिनं दोन्ही एकावर एक ठेवून पाहिलं. मग तिच्या डोक्यात आलं की पोरगं झोपेत कूस बदलतं. या कुशीला बायको, त्या कुशीला आई? आणि आई आत आली तर बायको बाहेर? अगं बाई, नवरा-बायकोच्या मधी सासू कशाला! तिला एकटीलाच हसू फुटलं. हसता हसता तिनं इरकल बाजूला काढलं, घडी करून पेटीत ठेवलं, आणि दोन्ही बाजूंना गुलाबी फुलंच लावली. पेटीचं झाकण लावताना मात्र हसू टिकलं नाही. फार वाईट वाटलं तिला. डोळे पुसून ती सुई घेऊन बसली आणि तिनं इतके बारीक टाके घातले की मुंगीलाही पाय ठेवायला जागा नव्हती. आकांक्षा मदतीला येऊन बसली तर "तू सर, मीच घालते," म्हणून तिला उठवलं.

आता गावाला सांगायचं कुणी? कुणीच नाही. तातेरावांनी हलगीवाला सांगितला होता, फोटोवाला बोलावला होता. सकाळी हाशिमच्या जीपवर गोधडी दोरखंडानं बांधली गेली, गिरिजाबाईनं तिला हळदकुंकू लावलं, तातेरावांनी भाषण केलं. "या गोधडीत आपला अख्खा गाव हाय!" टाळ्या पडल्या. हाशिम मान खाली घालून ओठ चावत उभा. सगुणाबाईनं त्याला दही-साखर देताना गुलाबी घडी त्याच्या जॅकेटात सरकवली, आणि जीप निघाली. मागोमाग काकासाहेब "मंठ्याला काम हाय" म्हणून इस्माईलच्या टेम्पोतून गेले आणि दुपारी कडबा आणावा तसे त्याच टेम्पोतून, पेंढ्यांच्या खाली अख्खा गाव लपवून, परत आले.

गोधडी धान्याच्या खोलीत लपवली. काकासाहेब तिथंच झोपायला लागले. "लय गरम हाय बरं का," ते बायकोला म्हणाले. "तातेरावाचा खिसा तेवढा टोचतो."

मग नुसती वाट पाहणं. फोन येईना. सगुणाबाईनं हाशिमच्या अम्मीला, आसिफाला, इतक्यांदा फोन केला की ती बिचारी उचलल्याबरोबरच "पोहोचला नाही अजून, भाभी" म्हणायची. एक दिवस सकाळी चुलीवर भाकरी असताना फोन वाजला आणि भाकरी करपली. आकांक्षानं फोन उचलला, "त्यांचा आहे!" म्हणून ओरडली, आणि ती ओरडली ते चार घरं पलीकडं ऐकू गेलं. बघता बघता अंगण भरलं. तातेरावांनीच हुकूम सोडला, "स्पीकर लावा, स्पीकर!"

सगुणाबाईनं फोन पटकन आपल्या हातात घेतला. आता हे पोरगं काय बोलतं कुणास ठाऊक.

"कल्याण, झोप लागती का रे?" तिनं घाईनं विचारलं.

"लागती माय. पाहऱ्याला उठवाया दोघं लागतेत आता."

अंगणात एकच गलका झाला. तातेराव पुढं सरसावले. "कल्याण, मी बोलून राह्यलो! सदरा कुठं लागतो रे?"

हाशिमनं सगळं सांगितलेलं असणार, कारण कल्याण शांतपणे म्हणाला, "छातीवर काका, बराबर छातीवर. खिशात मोबाईल ठिवतो."

"पाहा! म्हटलं नव्हतं?"

"आन् आमच्या मालकाचा रुमाल?" गिरिजाबाई.

"पायाला मावशी. बोटं गरम राहतेत."

"आणि शाळेचा पडदा?"

"तो पण पायाला, मॅडम." धोतर पायाला, परकर पायाला, झबलं पायाला. एवढे पाय कल्याणला कुठून आले हे एकानंही विचारलं नाही. जो तो आपापला तुकडा पोहोचला म्हणून खूश होऊन मागं सरत होता. फरजाना, जिला सगळं माहीत होतं, ती पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळली. तिला फोनवर हाक मारून कल्याणच म्हणाला, "फरजाना काकी, गुडघा पण बरा हाय," आणि ती हसता हसता रडायला लागली.

मग कल्याण म्हणाला, "माय, स्पीकर बंद कर जरा."

सगुणाबाईनं आकांक्षाकडून स्पीकर बंद करून घेतला आणि फोन कानाला लावून ती दारामागं गेली.

"माय, कापड ओळखलं मी. जांबला नेसली व्हती ती." तो जरा लाजला. मग त्याचा आवाज बदलला. "पण तुझं कुठंय?"

"माझं काय?"

"तुझं लुगडं. मला वाटलं, वरून न्हाई तर आतून तरी लावलं आसंल. म्हणून एका बाजूची शिवण उसवून पाह्यली. आत पण न्हाई. तुझं काहीच न्हाई त्यात?"

बर्फात बसून पोरगं आपल्याला शोधत होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबर तिचा नेहमीचा रागही आला.

"मेल्या! शिवण उसवली? अरे, साडी तिची व्हती, टाके माझे व्हते! माझं तेवढंच व्हतं त्यात, आन् त्येच उसवून बसलास?"

मग कल्याण हळूच म्हणाला, "सुई-दोरा हाय माझ्याकडं. शिवतो आत्ता."

"खबरदार हात लावलास तर! तुला काय येतं शिवाया?" ती म्हणाली. "सुटी झाली की घिऊन ये. मी शिवीन. तवर राहू दे तसंच उसवलेलं."

मग तिनं आकांक्षाला आत बोलावून फोन तिच्या हातात दिला, बाहेरून दार लोटून घेतलं आणि अंगणातल्या गर्दीला हाकलायला निघाली.